शेपटीची साखळी आवळू नका

छोट्या विमानांच्या हँगरमध्ये सगळ्या दुखण्यांवर एकच औषध मिळतं: पक्कड. शेपटीचं चाक थरथरतंय? साखळीची एक कडी कमी करा. टॅक्सी करताना विमान वळायला कंटाळा करतंय? आणखी एक कडी कमी करा. नवशिक्याला रनवेवर विमान सरळ ठेवता येत नाही? त्याचे पाय आळशी आहेत. (आणि जाता जाता साखळी बघा हो, सैल असेल.)

माझं म्हणणं सरळ आहे. टेलव्हीलच्या स्टीअरिंग स्प्रिंगा ताणून बसवणं ही चुकीची आणि धोक्याची सवय आहे, आणि जी माणसं ती अभिमानाने जोपासतात तीच नंतर वैमानिकाच्या पायांना दोष देतात. गेले काही महिने या विषयावर इथल्या क्लबात बोलून बोलून तोंड दुखलं, म्हणून आता की-बोर्ड बडवतोय. विमानात रस नसलेल्या वाचकांनी लगेच पळू नये. कुणाला न सांगता प्रॉडक्शनमधलं कॉन्फिग बदलणारी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील, तर ओळखीचं बरंच काही सापडेल :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. कुठल्याही फ्लाइंग स्कूलमध्ये दिसणाऱ्या सेस्ना १७२ ला दोन चाकं मध्यभागी आणि एक नाकाखाली असतं. जुनी छोटी विमानं बहुतेक उलटी होती. दोन मोठी चाकं पुढे, एक पिटुकलं चाक शेपटीखाली, नाक आकाशाकडे. यांना टेलड्रॅगर म्हणतात. १९३८ ते १९४७ मध्ये जवळजवळ वीस हजार बनलेलं पिवळं पायपर जे-३ कब त्यातलं सर्वात प्रसिद्ध. मी उडवतो ते सिताब्रिया (नाव इंग्रजीत उलटं वाचलं की ‘एअरबॅटिक’ होतं, विमानवाल्यांचे विनोद असेच असतात). आपल्याकडेही ही मंडळी होती. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ याच बांध्याचं. बंगलोरला बनलेलं, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं आणि पुढे फ्लाइंग क्लबांतून कितीकांना शिकवून गेलेलं पुष्पकही टेलड्रॅगरच. पुष्पक एरॉन्का चीफवर बेतलेलं, सिताब्रिया एरॉन्का चॅम्पच्या वंशातलं. म्हणजे नात्याने चुलत भावंडंच म्हणायची.

१९५६ मध्ये सेस्नाने १७० चं शेपटीचं चाक काढून नाकाखाली लावलं, त्याला १७२ म्हटलं आणि जाहिरातीत त्या चाकांचं नाव ठेवलं ‘लँड-ओ-मॅटिक’. लोकांनी उड्या मारल्या. उगाच नाही मारल्या.

टेलड्रॅगर जमिनीवर मुळातच अस्थिर असतं. प्रयोग करून बघायचा असेल तर सुपरमार्केटची ट्रॉली घ्या. तिची गरगर फिरणारी चाकं पुढे असतात आणि न फिरणारी मागे, हँडलखाली. आता ती ट्रॉली उलट्या दिशेने, हँडल पुढे करून जोरात ढकलून सोडून द्या. चार-पाच फूट गेली न गेली की ती गर्रकन फिरते आणि पुढचं मागे, मागचं पुढे होतं. (लोक बघतात. बघू द्या.) टेलड्रॅगरचं हेच आहे. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे नाक जरासं वाकडं झालं की मागचं वजन आणखी वाकडं करायला मदतच करतं. वैमानिकाने वेळेत आवरलं नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेतं, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पाय मोडतो, कधी प्रोपेलरही. याला ग्राउंड लूप म्हणतात. माणसं सहसा वाचतात, विमान सहसा वाचत नाही.

हे आवरायचं कसं? पायांनी. पेडल दाबलं की केबलमधून शेपटीवरचा उभा पंखा, म्हणजे रडर, वळतो. वेग असेपर्यंत हवा रडरवर आपटते आणि काम होतं. वेग कमी झाला की रडर दुबळा होतो, आणि इथे शेपटीचं चाक कामाला येतं. रडरच्या खालच्या टोकाला एक आडवी पट्टी असते, चाकाच्या डोक्यावर दुसरी. दोघींच्या मध्ये डावी-उजवीकडे एकेक स्प्रिंग आणि एकेक छोटी साखळी. रडर वळला की त्या बाजूची साखळी ओढली जाते, स्प्रिंग ताणली जाते, चाक वळतं. एवढीच यंत्रणा. हार्डवेअरच्या दुकानात मिळेल असं वाटावं इतकी साधी. म्हणूनच तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

आता मूळ प्रश्न. रडर आणि चाक यांच्यामध्ये स्प्रिंग मुळात ठेवलीच कशाला? सरळ सळई का नाही जोडली? कारण दोघांची मतं नेहमी जुळत नाहीत, आणि जुळू नयेत. हवेत रडर जिथे हवा तिथे असतो, जमिनीला टेकताना चाकाला मात्र विमान ज्या दिशेने चाललंय त्या दिशेला तोंड करायचं असतं. शिवाय चाक खड्ड्यात, दगडावर, रनवेच्या दिव्यावर आपटतं. तो झटका सळईतून थेट रडरच्या बिजागरीला आणि केबलला गेला असता. स्प्रिंग म्हणजे या दोघांमधली ढील. पतंग उडवलेल्या माणसाला ढीलेचं महत्त्व समजावून सांगावं लागू नये. मांजा नुसता खेचत राहणाऱ्याचा पतंग किती वेळ टिकतो?

आणि इथे आवळणारे येतात. साखळीची कडी कमी करतात, दोन्ही बाजूंना ताण देतात, चाक हलवून बघतात आणि म्हणतात, “बघ, कसं टाइट झालं!” टाइट झालं हे खरंच. पण नक्की काय झालं ते इंजिनिअरच्या नजरेने बघू.

साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. दोन्ही साखळ्यांत थोडी ढील असेल तर उजवं पेडल दाबल्यावर फक्त उजवी स्प्रिंग काम करते. डावी लोंबकळत राहते. पण दोन्हींना आधीच ताण दिला की मधल्या भागात दोन्ही स्प्रिंगा एकदम कामाला लागतात. एक जास्त ओढते, दुसरी कमी ओढते, आणि चाकाला जाणवणारा कडकपणा दोघींची बेरीज असतो. स्प्रिंगा सारख्या असतील तर सरळ दुप्पट! म्हणजे एक कडी काढणाऱ्याला वाटतं की आपण ‘थोडी ढील कमी केली’. प्रत्यक्षात त्याने कारखान्यात निवडलेल्या स्प्रिंगच्या जागी दुप्पट कडक स्प्रिंग बसवली आहे, आणि तीही नेमकी सरळ धावण्याच्या स्थितीत, जिथे चाकाने मऊ राहायला हवं होतं. पार्ट नंबर तोच, कागदावर काही बदल नाही. अशा बदलाला आपल्या धंद्यात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, घरातले वाचतात.

याने काय बिघडतं? वारा आडवा नसेल, रनवे गवताचा असेल, वैमानिक मुरलेला असेल तर काहीच नाही. म्हणून तर ही सवय टिकून आहे. शंभरात नव्वद लँडिंगला काही होत नाही आणि टॅक्सी करताना मस्त वाटतं. पेडलला नुसता पाय लावला की विमान वळतं, एकदम स्पोर्ट्‌स कार.

बिघडतं ते आडव्या वाऱ्यात. समजा वारा डावीकडून आहे. विमान वाऱ्यासोबत उजवीकडे वाहून जाऊ नये म्हणून डावा पंख खाली धरायचा, आणि नाक रनवेच्या रेषेत राहावं म्हणून उजवं पेडल दाबून धरायचं. उतरण्याची ही पाठ्यपुस्तकातली रीत. आता तिन्ही चाकं एकदम टेकवायची आहेत. उजवं पेडल दाबलेलं आहे म्हणजे रडर उजवीकडे आहे, आणि साखळी आवळलेली असेल तर शेपटीचं चाकही उजव्या वळणासाठी तयार होऊन बसलंय. ताशी ५० मैलांच्या आसपासच्या वेगाने ते चाक तिरकं टेकतं. स्प्रिंग मऊ असेल आणि थोडी ढील असेल तर रबर जमिनीला लागताक्षणी चाक स्वतःच विमानाच्या दिशेला वळतं, जसं ट्रॉलीचं चाक वळतं, आणि स्प्रिंग हलकेच त्याला समजावत राहते. दुप्पट कडक असेल तर ते ऐकत नाही. ते आधी जमिनीला ओढतं, शेपटी डावीकडे फेकली जाते, नाक उजवीकडे उडी मारतं. वैमानिक दचकून डावं पेडल मारतो, आता तेच कडक चाक त्याच जोमाने दुसरीकडे ओढतं, आणि खेळ सुरू. फीडबॅक लूपमधला गेन वाढवला की काय होतं हे माहीत असलेल्यांना पुढचं सांगायला नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “शेपटी टेकण्याआधी रडर मधोमध आणायचा ना!” असं शिकवणारे आहेत, आणि सरावलेल्या पायाला ते जमतंही. पण विचार करा. रडर मधोमध आणला की वारा लगेच नाक आपल्याकडे ओढणार. म्हणजे एका आवळलेल्या कडीसाठी तुम्ही वैमानिकाला सांगताय की जो पाय विमानाला सरळ ठेवतोय तोच नेमक्या क्षणी काढून घे. बग आमचा, वर्कअराउंड युजरने लक्षात ठेवायचा.

हे सगळं थिअरी वाटत असेल तर माझ्या मित्राचं सांगतो. नागपूरचा पोरगा, माझ्यासारखाच आठवडाभर सर्व्हर सांभाळणारा, शनिवारी आकाशात. टेलव्हीलची परवानगी नुकतीच मिळालेली. एका दुपारी डावीकडून सात-आठ नॉटचा वारा, फार नाही. तिन्ही चाकं छान एकदम टेकली आणि नाक उजवीकडे झेपावलं. पठ्ठ्याने आवरलं, पण रनवे सोडून गवतात जाऊन थांबला. पंखाचं टोक खरवडलं. कुणाला काही झालं नाही. क्लबातल्या ज्येष्ठांनी पाच मिनिटांत निकाल दिला: पाय आळशी. आणखी पाच तास इन्स्ट्रक्टरबरोबर उडायचं, खर्च स्वतःचा.

मी शेपटीपाशी जाऊन खाली वाकलो. दोन्ही साखळ्या सतारीच्या तारांसारख्या. छेडल्या असत्या तर सूर लागला असता.

विचारपूस केल्यावर कळलं की काही आठवड्यांपूर्वी चाक थरथरत असल्याची तक्रार आली होती आणि मेकॅनिकने ‘थोडं आवळून दिलं’ होतं. तक्रार बंद झाली, सगळे खूश. विमानाचं लॉगबुक उघडलं. त्या काळातली ऑइल बदलल्याची नोंद आहे, टायरची नोंद आहे. साखळीबद्दल एक शब्द नाही.

आता या थरथरण्याबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच आहे. टेलव्हीलची शिमी ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगतो, अख्खं विमान दात वाजवतं. सीटखालून कुणीतरी ड्रिल मशीन लावल्यासारखं. घाबरायला होतं आणि ती थांबवावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण शिमी हा आजार नव्हे, ताप आहे. तिची कारणं ठरलेली आहेत. चाकाच्या उभ्या पिनमध्ये किंवा बेअरिंगमध्ये प्ले आलेला असतो. कंप दाबण्यासाठी आत घर्षणाच्या चकत्या असतात, त्या झिजलेल्या असतात. टायरमध्ये हवा कमी-जास्त असते. आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे पाटे.

शेपटीचं चाक पोलादी पाट्यांवर लटकलेलं असतं, ट्रकच्या मागच्या चाकाला असतात तसे, फक्त छोटे. वर्षानुवर्षं आपटून ते बसतात, त्यांची कमान सपाट होते. कमान सपाट झाली की चाकाची उभी पिन कलते. विमानाचं वजन शेपटीवर असताना ही पिन सरळ उभी, किंवा वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असं हवं. मग पिनचा रोख जमिनीला जिथे भिडतो त्या जागेच्या पुरेसं मागे चाक टेकतं आणि आज्ञाधारकपणे मागून येत राहतं. पाटे बसले की पिनचं वरचं टोक पुढे झुकतं, हे अंतर कमी होतं, आणि चाक बावचळतं. बाजूने बघितलं तरी दिसतं हो! काटकोन्या लावून बघा. फोन लावून बघा, त्यात तिरकेपणा मोजायचं अ‍ॅप असतं.

आवळणारा काय करतो? यातलं काहीच बघत नाही. कडकपणा वाढवतो, त्याने चाकाच्या डुलण्याचा ठेका बदलतो, आणि टॅक्सीच्या वेगाला होणारी शिमी बंद होते. कारण जागच्या जागी असतं, त्यामुळे ती बहुतेकदा जात नाही, फक्त वरच्या वेगाकडे सरकते. म्हणजे हळू चालताना होणारा त्रास जोरात धावताना होऊ शकणाऱ्या त्रासात बदलून घेतला. एक्सेप्शन येतंय म्हणून रिकामा कॅच ब्लॉक टाकणारे प्रोग्रामर आणि हे एकाच शाळेतले. लॉग स्वच्छ, सिस्टिम आतून सडलेली.

आणखी एक गंमत. टेलव्हीलच्या काही स्प्रिंग-जोडांमध्ये दोन स्प्रिंगा मुद्दाम वेगवेगळ्या असतात, एक जाड आणि एक बारीक. दोन्ही बाजूंचा ठेका जुळू नये आणि कंपाला साथ मिळू नये, हा त्यामागचा विचार. किती विमानांत कुणीतरी ‘अरे, ही जोडी जुळत नाहीये’ म्हणून दोन्ही सारख्या करून टाकल्या असतील कोण जाणे. बनवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं मी म्हणत नाही. पण हात घालायच्या आधी, त्याने हे का केलं असेल, एवढा प्रश्न तरी विचारा.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो, कारण तो खरा आहे. अति ढीलही वाईट. साखळी झोपाळ्यासारखी लोंबत असेल तर पेडल अर्धं दाबेपर्यंत काहीच होत नाही, मग एकदम होतं. नवशिक्याच्या पायाला हे शिकवणं कठीण. सैल कडी गवतात, तारेत अडकू शकते, हुक निसटू शकतो. आणि रडर दुबळा झाल्यावर, ब्रेकवर विसंबण्याआधी, मधल्या वेगात चाकानेच दिशा धरायची असते हेही खरं. पण त्या मधल्या वेगात चाकाला पकड कशाने येते? साखळीच्या ताणाने नव्हे, शेपटीवरच्या वजनाने. स्टिक पोटाशी ओढून धरली की हवा शेपटी खाली दाबते, चाक जमिनीला चिकटतं आणि स्टीअरिंगला अर्थ येतो. हे न शिकवता साखळी आवळणं म्हणजे टायर गुळगुळीत असताना स्टीअरिंग व्हील बदलण्यासारखं.

खरी अडचण माझ्या मते वेगळीच आहे. टेलड्रॅगरचा वैमानिक जमिनीवरचा बहुतेक वेळ चालण्याच्या वेगात घालवतो. हँगरपासून पंपापर्यंत, पंपापासून रनवेपर्यंत. टेकून सावरायची वेळ दर उड्डाणात काही सेकंदच येते. त्यामुळे साखळी कशी असावी याचं मत तयार होतं ते टॅक्सीच्या अर्ध्या तासात, आणि त्याची किंमत मोजावी लागते त्या काही सेकंदांत. टॅक्सीत टाइट स्टीअरिंग कुणालाही आवडेल. मलाही आवडतं. पण टॅक्सीत चुकलं तर आपण थांबतो, हसतो, पुन्हा सुरू करतो. जिथे चूक स्वस्त आहे तिथल्या सोयीसाठी जिथे ती महाग आहे तिथलं सेटिंग ठरवायचं, हा कुठला न्याय?

मग बसवायची कशी? विमानाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर तसंच, तिथे माझ्या ब्लॉगला काडीची किंमत नाही. लिहिलेलं नसेल तर जाणत्या मेकॅनिककडून पाहिलेली रीत अशी. विमान सपाट जागी, तिन्ही चाकांवर, पूर्ण वजन शेपटीवर. स्टँडवर नाही! शेपटी उचलली की पाट्यांवरचं वजन जातं, पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, आणि स्टँडवर ‘परफेक्ट’ असलेली साखळी जमिनीवर वेगळीच निघते. (टेस्ट एन्व्हायर्नमेंट आणि प्रॉडक्शन. आठवतंय ना?) विमान काही फूट पुढे ढकलून घ्यायचं म्हणजे चाक सरळ मागे येतं. रडर मधोमध धरून ठेवायचा. आता दोन्ही साखळ्यांत ताण शून्य हवा आणि चिमटीत धरून हलवली तर अर्धी-एक कडी हलावी, त्याहून जास्त नाही. मग शेपटी उचलून पुन्हा बघायचं, कारण हवेत आणि टेकतानाच्या क्षणी तीच स्थिती असते. तिथे साखळी ताठ होत असेल तर जमिनीवर आणखी ढील ठेवायची. शेवटी रडर दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघायचा की स्प्रिंग संपत नाही आणि कुठे काही अडकत नाही.

स्कॉट जातीच्या चाकात आणखी एक गोष्ट बघायची. त्यात एक खटका असतो. ठरावीक कोनापर्यंत चाक पेडलचं ऐकतं, त्यापलीकडे खटका सुटतो आणि चाक मोकळं गरगर फिरू लागतं. जागच्या जागी विमान फिरवायला हे फार सोयीचं. पण खटक्याच्या कडा झिजून गोल झाल्या की तो आधीच सुटतो, कधी भर लँडिंगमध्ये. तेव्हा ‘स्टीअरिंग गायब झालं’ असं सांगणाऱ्या वैमानिकाला वेड्यात काढण्याआधी चाक उघडून बघावं. त्यातली माती काढून ग्रीस भरलं तरी अर्धे त्रास जातात. हे काम घाणेरडं आहे, कडी काढणं स्वच्छ आहे. लोक काय निवडतात ते सांगायला नको.

इथला कायदाही गमतीशीर आहे. अमेरिकेत १५ एप्रिल १९९१ नंतर टेलड्रॅगर चालवायला सुरुवात करणाऱ्याला इन्स्ट्रक्टरची वेगळी सही लागते. साधी आणि आडव्या वाऱ्यातली उड्डाणं-लँडिंग, मुख्य चाकांवरचं लँडिंग, लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं, हे सगळं जमतं अशी ती सही. सगळी परीक्षा पायांची. विमानाच्या शेपटीखाली वाकून बघता येतं का, हे त्यात कुठेच नाही. दुसरीकडे देखभालीच्या नियमांचा भाग ४३ स्वच्छ सांगतो की केलेल्या कामाचं वर्णन, तारीख आणि सही नोंदवा. मी क्लबात हाच नियम दाखवला तर उत्तर मिळालं, “एवढ्याशा गोष्टीची कुठे नोंद करत बसायची?” एवढ्याशा गोष्टीने माझ्या मित्राला पाच तासांचे पैसे आणि सगळ्या क्लबासमोर मान खाली घालायला लावली, ही गोष्ट एवढीशी नव्हती वाटतं.

बऱ्याच भांडाभांडीनंतर पाटे तपासले गेले. पिनचं वरचं टोक उघड उघड पुढे झुकलेलं होतं. नवे पाटे आले, साखळी ढिली झाली, शिमी गेली. लॉगबुकात पाट्यांची नोंद झाली; साखळीची झाली ती मी मेकॅनिकच्या शेजारी उभा राहिलो म्हणून. पंखाच्या टोकाचं बिल मात्र मित्रानेच भरलं होतं, ते परत देण्याचा विषय अजून ‘विचाराधीन’ आहे.

तो आता १७२ उडवतो. परवा म्हटलं, “चल ना शनिवारी, सिताब्रिया आता लोण्यासारखं धावतं.” तर म्हणाला, “नको रे, तूच जा. माझे पाय आळशी आहेत ना.”